दोष दाराचा की चौकटीचा?

मराठीत दार लावतात आणि दार बसवतात. या दोन क्रियापदांत केवढं अंतर आहे, हे मला साठी ओलांडेपर्यंत कळलं नव्हतं. चेंबूरच्या नव्या घराने ते शिकवलं आणि ती शिकवणी चांगली दोन वर्षं चालली. बसवलेलं प्रत्येक दार बसलेलं असतंच असं नाही, हा तिचा सारांश.

टिळकनगरात हाउसिंग बोर्डाच्या जुन्या इमारतीत आमच्या संसाराची अडतीस वर्षं गेली. घर दोन खोल्यांचं, पण दाराच्या बाबतीत आम्ही मोठे श्रीमंत होतो. सकाळी दूधवाल्यासाठी उघडलेलं दार रात्रीच्या बातम्या संपल्यावरच लागायचं. मधल्या वेळात पडदा. पडद्याखाली कुणाची पावलं दिसतात त्यावरून कोण आलंय ते स्वयंपाकघरातून ओळखायचं आणि चहाचं आधण कमी-जास्त करायचं. त्या दाराचा रंग कोणता होता असं विचारलंत, तर खरंच सांगता येणार नाही. ते कायम भिंतीला पाठ टेकून उभं असायचं, आम्ही त्याच्याकडे पाहिलं कधी?

मग पुनर्विकास आला. सभा झाल्या, भांडणं झाली, सह्या झाल्या, तीन-साडेतीन वर्षं भाड्याच्या घरात गेली आणि २०२१ च्या डिसेंबरात चौदाव्या मजल्यावरच्या घराचा ताबा मिळाला. आत शिरण्याआधीच नजर ठरली ती दारावर. शिसवी रंगाचा चकचकीत पत्रा, पितळी मूठ, पाहुणा न्याहाळायला काचेचं भिंग आणि बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारं लॅच. सासूबाई तेव्हा त्र्याऐंशीच्या. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दार श्रीमंताचं आहे हो. आता माणसंही तशीच यायला हवीत."

आंब्याच्या पानांचं तोरण लागलं, उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं, कलश आत आला. दोन दिवसांनी लक्षात आलं की, दार अर्धवट उघडं ठेवलं तर ते सावकाश, कुणीतरी आतून ओढून घ्यावं तसं, आपोआप मिटत येतं. आणि अगदी शेवटच्या वितीला खालच्या कोपऱ्यात फरशीवर घासून थांबतं. आम्हांला वाटलं, ही नव्या दाराची सोयच असावी. भेटायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर "ऑटोमॅटिक दिसतंय" म्हणून कौतुकही केलं. महिन्याभरात कोऱ्या फरशीवर छोटीशी चंद्रकोर उमटली. बिल्डरचा सुपरवायझर म्हणाला, "बाई, नवीन लाकूड आहे. सेट होईल."

चेंबूरकरांना 'सेट' हा शब्द वेगळ्याच अर्थाने परिचित आहे. राज कपूरनी १९४८ साली सुरू केलेला आर. के. स्टुडिओ आमच्या हाकेच्या अंतरावर होता. २०१७ च्या आगीत त्याचा मोठा सेट जळाला आणि २०१९ मध्ये ती जागा विकलीही गेली. तिथल्या सेटवर म्हणे झकास दारं असायची, फक्त त्यांच्या मागे घर नसायचं. आमच्याकडे घर होतं, पण दार मात्र सेटवरचं होतं!

पहिला पावसाळा आला तसं दार फुगलं. उघडायला खांदा लागू लागला. तक्रार केल्यावर बिल्डरकडून एक मुलगा आला. त्याने दार उतरवलं, खालून रंधा मारला, पुन्हा अडकवलं आणि पंधरा मिनिटांत गेला. दार सरळ चालू लागलं. आम्ही खूश. पण थंडीत लाकूड आटलं आणि दाराखाली एवढी फट पडली की, जिन्यातली झुरळं बेल न वाजवता येऊ लागली. फटीला रबराची पट्टी लावली. ती मार्चमध्ये निघाली. एप्रिलमध्ये आणखी एक जण आला आणि कडेनेही रंधा मारून गेला. मग कडी जुळेना. कडी जुळवायला कोयंडा सरकवला. असा दर वेळी दाराचा थोडाथोडा भाग भुशाच्या रूपाने केरात जात राहिला, आणि जडणघडण सुधारत असल्याचं समाधान आमच्या पदरी पडत राहिलं.

इथवरची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. पुढची नाही.

२९ जून २०२३, आषाढी एकादशी. त्या वर्षी मोसमी पाऊस लांबला होता आणि २५ जूनला मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोहोचला, म्हणून वर्तमानपत्रांत मोठं कौतुक झालं होतं. चार दिवस धो धो कोसळत होता. यजमान पहाटेच वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात दर्शनाच्या रांगेला गेले होते. मी दूध तापत ठेवलं, सणाचा दिवस म्हणून रांगोळीची वाटी घेतली आणि उंबरठ्याबाहेर बसले. दोन ठिपके काढले असतील नसतील, तोच जिन्याच्या खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन मागे लागलं. लॅचचा खट्ट आवाज झाला. मोबाईल ओट्यावर, किल्ली खुंटीला, दूध गॅसवर आणि आत पंच्याऐंशीव्या वर्षात पदार्पण केलेल्या सासूबाई.

त्या काठी टेकत दाराशी आल्या. आतून लॅचचा खटका फिरवायचा आणि दार आत ओढायचं, एवढंच काम होतं. पण फुगलेलं दार वाऱ्याच्या धक्क्याने चौकटीत पाचरीसारखं घट्ट बसलं होतं. एका हाताने खटका धरून दुसऱ्या हाताने ओढायचं, तर काठी कुणी धरायची? मी बाहेरून ढकलत होते, पण लॅच लागलेलं असताना ढकलून उपयोग नव्हता. शेजारची बेल वाजवली. ते कुटुंब गावी गेलेलं. तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला.

"आई, आधी गॅस बंद करा. खालचं मोठं बटणही फिरवा. दाराचं नंतर पाहू," मी ओरडले. उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला तर काय होतं, ते काही कुणी समजावून सांगायला नको. काठीचा आवाज आत गेला. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी दाराला कान लावून उभी. बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. सेकंद मोजायची सवय आहे. त्या दिवशी साठाच्या पुढे मोजता आलं नाही.

शेवटी काठी परत आली. "बंद केलं. ज्योत विझलीच होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "खिडकीही उघडलीय. तू रडू नकोस." मी रडतेय हे त्यांना दारापलीकडून कळलं होतं.

मग आम्ही दोघींनी बेत केला. त्यांनी स्टूल ओढून त्यावर बसायचं, म्हणजे काठीचा हात मोकळा होईल. दोन्ही हातांनी फक्त खटका फिरवून धरायचा, ओढायचं नाही. मी तीन म्हटलं की, बाहेरून खांदा द्यायचा. स्टूल दाराच्या कक्षेबाहेर, भिंतीशी हवं, नाहीतर उघडणारं दार त्यांच्यावरच जाईल. पहिल्यांदा खटका निसटला. दुसऱ्यांदा माझा खांदा निसटला. चौथ्या वेळी दार किंचाळून उघडलं आणि मी रांगोळीच्या वाटीसकट आत पडले. सगळा प्रकार पाऊण तासाचा. सासूबाई स्टुलावर बसूनच हसल्या. "मुक्ताबाईने बाहेरून समजूत घालून ज्ञानेश्वरांकडून ताटी उघडवून घेतली. आज तू माझ्याकडून," म्हणाल्या. ताटीच्या अभंगांची आठवण त्या प्रसंगी होणं हे त्यांनाच जमावं. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता बिल्डरचा माणूस नको, सुतार हवा. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याने एका वयस्क मिस्त्रींचं नाव सांगितलं. मूळचे राजापूरकडचे, तरुणपणी स्टुडिओतल्या सेटवर आणि नंतर घरोघरी काम केलेले. ते आले, पिशवी खाली ठेवली आणि अवजाराला हातच लावला नाही. दार उघडलं, मिटलं. अर्धं उघडून सोडून दिलं आणि ते आपोआप मिटत येताना हाताची घडी घालून पाहत राहिले. मग खिशातून ओळंबा काढून चौकटीच्या माथ्यापासून सोडला. दोरी वर लाकडाला टेकलेली आणि खाली त्यापासून बोटभर दूर.

"बाई, किती वेळा रंधा मारलात?"

"तीन वेळा."

"दाराचा काय गुन्हा? चौकट वाकडी आहे."

मग त्यांनी टेप माझ्या हातात दिली. चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्यापर्यंत मोजायला सांगितलं, मग उजव्या वरच्यापासून डाव्या खालच्यापर्यंत. दोन मापांत दहा मिलिमीटरचा फरक निघाला. आयताचे कर्ण समान असतात, हे मी हजारभर मुलांकडून घोकून घेतलं असेल. पण स्वतःच्या दाराचे कर्ण मोजायचं मला दीड वर्षात सुचलं नव्हतं. आमची चौकट आयत नव्हती, समांतरभुज चौकोन होती. माथा पायापेक्षा बारा मिलिमीटर एका बाजूला कललेला. त्यात काटकोनातलं दार अडकवलं की, ते बिचारं चौकटीबरोबर कलणार, त्याचा मोकळा कोपरा खाली येऊन फरशीला घासणार आणि वजनाने आपोआप मिटत जाणार. जिला आम्ही सोय समजत होतो, ते दुखण्याचं पहिलं लक्षण होतं.

मिस्त्री काम करता करता बोलत होते आणि मी शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होते. पूर्वी घर बांधताना चौकट आधी उभी राहायची. मुहूर्त पाहून तिची पूजा व्हायची, ओळंबा लावून तिला टेके दिले जायचे आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढायची. चौकटीला ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या त्या बांधकामातच पक्क्या व्हायच्या. भिंत चौकटीच्या आधाराने सरळ राहायची. आता बहुतेक ठिकाणी भिंती आधी होतात, मध्ये भोक सोडलेलं असतं आणि सगळ्यांत शेवटी, ताब्याची तारीख तोंडावर आली की, तयार चौकट त्या भोकात ढकलून स्क्रूने आवळतात. भोक वाकडं असेल तर चौकट वाकडी. वरून शोभेची पट्टी मारली की, दिसत काही नाही. चौकटपूजनाला आपण विधी म्हणून हसतो. त्या दिवशी सगळ्या घराचं लक्ष ओळंब्याकडे असायचं, हा त्यातला शहाणपणा हसताना निसटतो.

लाकडाचा स्वभावही त्यांनी समजावला. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, पण रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, रेषांना आडवं फुगतं. म्हणून उंचीपेक्षा रुंदीला त्रास जास्त. दर्शनी भागावर पत्रा किंवा पॉलिश असल्यामुळे तिथून पाणी शिरत नाही. ते शिरतं कडांमधून, आणि विशेषतः खालच्या व वरच्या कडेतून, जिथे कुणाची नजर जात नाही आणि म्हणून रंगाचा कुंचलाही जात नाही. आमच्या दाराची खालची कड मुळात कोरी होती, आणि रंधा मारून मारून आम्ही बाजूची कडही उघडी केली होती. म्हणजे तहानलेल्याचं तोंड आणखी मोठं करून ठेवलं होतं. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला तेव्हाच रंधा मारला तर थंडीत ते सैल होणारच. मिस्त्रींनी म्हणूनच मला थांबवलं. "आता लॅच काढून ठेवा, साधी कडी वापरा. पाऊस संपून हवा कोरडी होऊ दे. मग मी चौकट सोडवतो." पैसे मिळत असताना काम पुढे ढकलणारा कारागीर मी पहिल्यांदाच पाहिला.

डिसेंबरात ते मुलाला घेऊन आले. शोभेची पट्टी काढली, चौकटीचे स्क्रू कापले. मागे पाहतात तो, सहा ठिकाणी आधार हवा तिथे तीनच, आणि बिजागऱ्यांचे निम्मे स्क्रू पिळून न बसवता चक्क हातोडीने ठोकलेले. ठोकलेल्या स्क्रूला लाकडात पकड नसते. दार जड असेल तर महिन्याभरात तो सैल होतो. चौकट पाचरी मारून ओळंब्यात आणली, कर्ण जुळेपर्यंत मला चार वेळा मोजायला लावलं, मग पक्की केली. बिजागऱ्या तीन, प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक. फट किती ठेवायची, तर रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सहज फिरतील एवढी, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. झिजलेल्या कडेला त्यांनी लाकडी पट्टी जोडली आणि चारही कडांना, अगदी दार आडवं करून खालूनसुद्धा, रंगाचे दोन हात दिले. दीड दिवसाचं काम. साडेसात हजार रुपये घेतले, चहा मात्र पाच वेळा घेतला.

निघण्यापूर्वी त्यांनी दार अर्धं उघडून सोडून दिलं. ते तिथेच थांबलं. पाव उघडलं, तिथे थांबलं. "हीच परीक्षा," ते म्हणाले. "सोडाल तिथे थांबलं पाहिजे."

गोष्ट इथे संपली असती, पण शिक्षिकेचा स्वभाव स्वस्थ बसू देईना. टेप आणि ओळंबा घेऊन मी आमच्या मजल्यावरची उरलेली तीन दारं तपासली. दोन वाकडी निघाली. एका घरात म्हातारे गृहस्थ एकटे राहतात. त्यांचं दार महिनाभर फरशीला घासत होतं आणि ते स्वतःच्या गुडघ्यांना दोष देत होते. मग आम्ही फोटो काढले, ओळंब्याची आणि कर्णांची मापं तक्त्यात मांडली आणि सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला पत्र लिहिलं. 'दार खराब आहे' या वाक्याला 'सेट होईल' असं उत्तर मिळतं. 'चौकट ओळंब्यात १२ मिलिमीटर बाहेर आहे' या वाक्याला तसं उत्तर देता येत नाही.

कायद्याचा आधारही आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. 'रेरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष ग्राहकाने दाखवून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करायचा असतो. तसं न झाल्यास नुकसानभरपाई मागता येते. महाराष्ट्रात हा कायदा राबवणारं महारेरा प्राधिकरण २०१७ पासून काम करतं आहे. आमच्यासारख्या पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांनी त्याबरोबर आपला विकासकरारही काढून वाचावा. त्यात दोषदुरुस्तीचं कलम असतं, आमच्या करारात होतं. आम्ही ते सह्या करताना वाचलं नव्हतं. ग्राहक म्हणून दाद मागण्याची वाट १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खुली केली, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० पासून लागू आहे. पण या सगळ्या वाटांवर एकच गोष्ट विचारली जाते : तुम्ही लेखी केव्हा कळवलंत? आमच्या दीड वर्षाच्या साऱ्या तक्रारी जिन्यात आणि फोनवर झाल्या होत्या. त्यांची किंमत शून्य.

तिसऱ्या पत्रानंतर शेजारच्या दोन चौकटी बिल्डरने नीट करून दिल्या. माझे साडेसात हजार परत आले नाहीत. दुरुस्ती मी आधीच बाहेरून करून घेतली, असं उत्तर आलं आणि मीही ते सोडून दिलं. शिकवणीची फी म्हणायची.

आपल्या महाराष्ट्रात शनिशिंगणापूरसारखं गाव आहे. तिथल्या घरांना चौकट असते, पण दार नसतं, म्हणून ते जगभर गाजलं. २०११ साली तिथे निघालेली बँकेची शाखाही कुलूप नसलेली म्हणून बातम्यांत आली. उलट पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून टोकदार खिळ्यांनी मढवलेला. पण त्याच्याही पोटात माणसाने रोज ये-जा करावी म्हणून एक लहान दिंडी दरवाजा ठेवलेला आहे. एवढ्या बलाढ्य दाराला जे कळलं होतं, ते आमच्या चौदाव्या मजल्याला उशिरा कळलं. शत्रूला अडवणं हे दाराचं वर्षातून एखाद्या दिवसाचं काम. घरच्या माणसाला, मग ते पंच्याऐंशी वर्षांचं का असेना, सहज जाऊ-येऊ देणं, हे रोजचं.

२०२४ चा पावसाळा दाराने पास केला. आता एक किल्ली शेजारी असते आणि त्यांची आमच्याकडे. आषाढीला रांगोळी काढताना मी किल्ली कमरेला खोचते, मोडलेली सवय नाही ती. सासूबाई दोन बोटांनी दार उघडतात आणि संध्याकाळी पाच ते सात ते तसंच उघडं ठेवतात. सोडलं तिथे थांबतं ना!

परवा त्यांनी जुन्या ट्रंकेतून टिळकनगरच्या घरातला पडदा काढायला लावला. नव्या चौकटीला तो वीतभर तोकडा पडतो. मी म्हटलं, "आई, नवा शिवून घेऊ या."

"नको," त्या म्हणाल्या. "पावलं दिसली पाहिजेत."